फिटलेलं कर्ज जातं कुठे?

मुलाच्या गाडीचे हप्ते थकले म्हणून आईचे दागिने तारण गेले, हे वाक्य कोल्हापुरात कुणालाच नवं वाटणार नाही. असं एखादं घर प्रत्येकाला माहीत असतं. कुठे सोनं जातं, कुठे वडील पतसंस्थेतून कर्ज उचलतात, कुठे भिशी लवकर उचलली जाते. गाडीवाल्या कंपनीचं खातं बंद होतं आणि सगळे म्हणतात, "सुटलं बाबा एकदाचं!"

आज हा विषय घेतोय त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे, पेट किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना वाटतं की संशोधनाचा प्रश्न ग्रंथालयातच सापडतो. तसं नाही. घरातला प्रश्न नीट मांडला तर तोही संशोधनाचा होतो. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. घरात सगळ्यात जास्त शिकलेले बहुतेक तुम्हीच असता. त्यामुळे असा प्रसंग आला की "तू जरा कागद बघ" असं तुम्हालाच सांगितलं जातं. भावाला जामीन राहायलाही तुम्हालाच विचारलं जातं, विशेषतः जेआरएफ मिळाली असेल तर. म्हणून हे गणित आणि त्यामागचे नियम एकदा शांतपणे समजून घ्या.

प्रश्न मांडायचा कसा?

"आई-वडिलांनी मुलाचं कर्ज फेडावं का?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो मोजता येत नाही. त्यात माया आहे, लोकलज्जा आहे, "आम्ही नाही तर कोण?" हेही आहे. त्याचं उत्तर प्रत्येक घर आपापलं देईल.

संशोधनात आपण अशा प्रश्नातून मोजता येईल असा भाग वेगळा काढतो. इथे तो असा: आई-वडिलांनी नवं कर्ज काढून मुलाचं जुनं कर्ज बंद केलं, तर नेमकं काय काय बदलतं? या प्रश्नाची चार उत्तरं मिळतात. व्याजदर आणि मुदत बदलते. तारण बदलतं. कर्जदार बदलतो. पैसे भरायचं वेळापत्रक बदलतं. बदलत नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे कर्ज. ते नाव बदलून दुसऱ्या घरात राहायला जातं. पुढचा सगळा लेख या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

आधी आकडे

एक उदाहरण घेऊ. आकडे मी मानलेले आहेत, कुणा एका घराचे नाहीत. तुम्ही वही घेऊन सोबत करत चला.

मुलगा चाकणला नोकरीला, आई-वडील करवीर तालुक्यातल्या गावात. मुलाने ८ लाखांचं वाहनकर्ज घेतलं. दर १० टक्के, घटत्या शिलकीवर. मुदत ७ वर्षं, म्हणजे ८४ हप्ते. हप्त्याचं सूत्र लावलं की महिन्याला साधारण १३,२८१ रुपये येतात. सगळे हप्ते वेळेवर भरले तर एकूण ११ लाख १५ हजार ६०० रुपये जातात. त्यातलं व्याज ३ लाख १५ हजार ६००.

पहिल्याच हप्त्याकडे बघा. ८ लाखांवर एका महिन्याचं व्याज ६,६६७ रुपये. म्हणजे १३,२८१ मधले अर्ध्याहून जास्त व्याजात गेले, मुद्दल फक्त ६,६१४ ने उतरलं. म्हणूनच ३ वर्षं, म्हणजे ३६ हप्ते भरल्यावर मुलाच्या खिशातून ४ लाख ७८ हजार गेलेले असतात, पण मुद्दल साधारण ५ लाख २३ हजार ६०० शिल्लक असतं. "एवढे भरले तरी एवढं राहिलंच कसं?" असं घरी विचारतात, त्याचं उत्तर हे आहे. यात दरवेळी फसवणूक असते असं नाही, हप्त्याची रचनाच अशी असते.

आता मुलाची नोकरी गेली आणि पुढचे ३ हप्ते थकले असं समजा. थकबाकी ३९,८४३ रुपये. मुद्दल आणि ३ महिन्यांचं व्याज धरून खातं पूर्ण बंद करायला साधारण ५ लाख ३७ हजार लागतील. दंड आणि मुदतपूर्व बंद करण्याचं शुल्क वेगळं.

घरात जे आकडे बोलले जातात त्यात इथे पहिला घोळ होतो. कुणी ४० हजार म्हणतं, कुणी साडेपाच लाख. दोन्ही बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला आकडा खातं पुन्हा चालू करण्याचा, दुसरा खातं संपवण्याचा. मुलाला पुढच्या महिन्यात दुसरी नोकरी लागणार असेल तर प्रश्न ४० हजारांचा आहे. त्याच्या पगारात हा हप्ता कधीच बसत नव्हता, तर ४० हजार भरून फक्त ३ महिने विकत घेतल्यासारखं होईल. उत्पन्नाला बसलेला धक्का तात्पुरता की कायमचा, हे ठरवल्याशिवाय रक्कम ठरवता येत नाही.

हप्ता कमी म्हणजे कर्ज स्वस्त?

वडील पतसंस्थेतून ५ लाख ३७ हजारांचं कर्ज काढतात असं धरू. दर १३ टक्के, मुदत पुन्हा ७ वर्षं. नवा हप्ता येतो ९,७६९ रुपये. आधीपेक्षा साडेतीन हजारांनी कमी! घरात सगळ्यांना हायसं वाटतं.

आता एकूण रक्कम काढा. जुनं कर्ज चालू ठेवलं असतं तर थकलेले ३ आणि उरलेले ४५, असे ४८ हप्ते मिळून ६ लाख ३७ हजार ४८८ भरावे लागले असते. नव्या कर्जात ९,७६९ गुणिले ८४, म्हणजे ८ लाख २० हजार ६००. १ लाख ८३ हजार जास्त. शिवाय वडील आज ५८ वर्षांचे असतील तर शेवटचा हप्ता ते ६५ व्या वर्षी भरतील.

हा फरक दरामुळे पडला की मुदतीमुळे? संशोधनात एका वेळी एकच चल बदलून बघतात, तसं करू. दर १३ टक्केच ठेवू, मुदत ३ वर्षं करू. हप्ता होतो १८,०९४ आणि एकूण रक्कम ६ लाख ५१ हजार ४०० च्या आसपास. म्हणजे दर जास्त असूनही एकूण फरक १४ हजारांवर आला. लाख-पावणेदोन लाखांचा मोठा वाटा मुदतीचा होता. पण १८ हजारांचा हप्ता वडिलांना झेपणार नाही, म्हणून तर मुदत वाढवली होती. अडचण अशी आहे की झेपणारा हप्ता महाग पडतो आणि स्वस्त पडणारा हप्ता झेपत नाही. हे कागदावर दिसलं की मग घरात बोलणं सोपं होतं.

अजून एक सावधगिरी. "दर फक्त १० टक्के" असं कुणी म्हणालं तर विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? १ लाख रुपये, ३ वर्षं, १० टक्के फ्लॅट असेल तर व्याज सरळ ३० हजार लावतात आणि हप्ता ३,६११ येतो. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता, तरी व्याज मात्र पूर्ण लाखावर देत असता. घटत्या शिलकीच्या हिशेबात हा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. दोन दर एकाच मापात आणल्याशिवाय त्यांची तुलना करू नका. प्रयोगशाळेत सेल्सिअस आणि फॅरनहाइट आपण सरळ वजा करत नाही, इथेही तसंच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांना मुख्य बाबींचं एक पत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो आकडा आधी बघा. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्या सहकार खात्याखाली, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे चालतात. तिथे असं पत्रक मिळेलच असं नाही. दर, आकारणीची पद्धत आणि शुल्क तिथे स्वतः विचारून लिहून घ्यावं लागतं.

आधी गाडी जाणार होती, आता काय जाणार?

वाहनकर्जाला गाडी तारण असते. आरसीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा असतो. हप्ते थकले तर शेवटी गाडी ओढून नेतात. वाईट दिवस असतो, गल्लीत चर्चा होते. पण जाते ती गाडी, आणि गाडीची किंमत तशीही दरवर्षी उतरत असते.

सोनेतारण कर्जात आईचं सोनं जातं. नव्या नियमांनुसार ५ लाखांवरच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे ५ लाख ३७ हजारांसाठी किमान ७ लाख १६ हजारांचं सोनं ठेवावं लागेल. उतरत्या किमतीच्या वस्तूवरचं कर्ज फेडायला घरातली सगळ्यात टिकाऊ वस्तू आपण पुढे केली. शिवाय ते सोनं स्त्रीधन असेल तर कायद्याने ते आईच्या एकटीच्या मालकीचं आहे, नवऱ्याचं किंवा मुलाचं नाही. तिची संमती म्हणजे "दे की गं" म्हटल्यावर तिने कपाट उघडणं एवढीच असू नये. तिला रक्कम, दर, मुदत आणि सोनं परत यायची तारीख सांगितली का, हे तुम्ही विचारायचं.

पतसंस्थेचं कर्ज थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी दिवाणी दावा लावत बसावं लागत नाही. खासगी सावकाराकडे जायची वेळ आली, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने सावकाराला परवाना सक्तीचा केला आहे एवढं लक्षात ठेवा. कोऱ्या स्टँपवर सही मागणारा माणूस परवान्याचा कागद दाखवत नसेल तर तिथून उठा.

"गाडी देऊन टाकली की सुटलो" हाही गैरसमज आहे. ओढून नेलेली गाडी विकून आलेली रक्कम कर्जात वळती होते. उरलेली रक्कम मुलाच्या नावावर राहतेच.

देणं नेमकं कुणाचं?

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. सज्ञान मुलाने स्वतःच्या नावावर घेतलेलं कर्ज आई-वडिलांनी फेडावं असं कुठलाही कायदा सांगत नाही. ते जामीनदार किंवा सहकर्जदार असतील तरच त्यांच्यावर जबाबदारी येते. पण एकदा जामीनदार म्हणून सही केली की भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १२८ लागू होतं. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडे मागा, मग माझ्याकडे या" असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे जुना रिवाज याच्या अगदी उलट्या दिशेचा होता. बापाचं कर्ज मुलाने फेडणं हे हिंदू धर्मशास्त्रात मुलाचं कर्तव्य मानलं होतं. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने ती जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलावर दावा लावणं बंद केलं. म्हणजे बापाकडून मुलाकडे येणाऱ्या कर्जाला कायद्याने दोन वेळा बांध घातला. मुलाकडून बापाकडे जाणाऱ्या कर्जाला तसा बांध नाही, कारण ते वडिलांच्या स्वतःच्या सहीने जातं. जी सही आपण खुशीने करतो तिच्यापासून कायदा वाचवत नाही.

वसुलीचे फोन आई-वडिलांना येत असतील आणि त्या भीतीनेच कर्ज काढायचं चाललं असेल, तर थांबा. कर्जदाराच्या घरच्यांना त्रास देणं, त्यांच्या खासगी आयुष्यात घुसणं रिझर्व्ह बँकेने मना केलं आहे. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. दंडाबद्दलही नियम आहे. ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक २०२४ पासून लागू झालं, त्यानुसार दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. बँक किंवा वित्त कंपनीने लेखी तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

पगाराचा हप्ता, उसाचं बिल

चौथा बदल वेळापत्रकाचा. मुलाचा हप्ता महिन्याच्या पगाराशी जुळवलेला होता. गावाकडच्या घरात पैसा वेगळ्या चालीने येतो. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. उसाचं बिल गळीत हंगामात येतं. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ नुसार ते ऊस घातल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवं, पण त्यातून सेवा सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं आणि मग उरलेलं हातात पडतं. अशा घरावर दर महिन्याच्या ५ तारखेचा हप्ता बसवला की वर्षातले कित्येक महिने तो भरायला दुसरीकडून उचल करावी लागते. वर्षाच्या बेरजेत उत्पन्न पुरेसं दिसतं, पण हप्ता बेरीज बघत नाही, तारीख बघतो.

पीककर्ज स्वस्त आहे, तेच तिकडे वळवू, असाही विचार येतो. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी आणि वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं, हे खरं. पण ती सवलत पिकासाठी आणि मुदतीत फेडण्यासाठी आहे. पैसे गाडीत गेले आणि तारीख चुकली तर सवलतही जाते आणि पुढच्या लागणीला, खताला पैसे राहत नाहीत. स्वस्त कर्ज महाग करण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

फेलोशिपचंही असंच. जेआरएफचे ३७ हजार महिन्याला दिसतात, पण ते दर महिन्याला खात्यात पडतीलच असं नाही, हे कुणाही संशोधकाला विचारा. जामीन राहण्यापूर्वी याचाही विचार करा.

अजून एक पर्याय मोजून बघा

घरातल्या चर्चेत सहसा दोनच पर्याय असतात, सगळं फेडायचं किंवा गाडी जाऊ द्यायची. मधला पर्याय आहे. कर्ज देणाऱ्याची लेखी परवानगी घेऊन गाडी स्वतः विकायची आणि कमी पडेल तेवढंच कर्ज आई-वडिलांनी काढायचं.

आपल्या उदाहरणात गाडीला साडेचार लाख आले असं माना. ५ लाख ३७ हजारांतून ते वजा केले की ८७ हजार उरतात. एवढंच कर्ज १३ टक्क्यांनी २ वर्षांसाठी काढलं तर हप्ता ४,१३६ आणि एकूण व्याज १२,३०० च्या आत. मघाचं व्याज २ लाख ८३ हजार होतं. सोनं ठेवायचंच झालं तरी एखादा दागिना पुरेल, सगळा डबा नाही.

अर्थात याला किंमत आहे. मुलाला काही काळ बसने, दुचाकीने जावं लागेल. नातेवाईक विचारतील, "गाडी कुठाय रे?" आणि गाडीवरच त्याचं पोट असेल, म्हणजे तो टॅक्सी चालवत असेल, तर हे गणित पूर्ण उलटतं, कारण मग गाडी हेच उत्पन्न. म्हणून हे सरसकट लागू करू नका. पण हा पर्याय मोजलाच नाही, असं होऊ देऊ नका. शक्य असलेला एक पर्याय तुलनेतून गळला तर उरलेल्यांतला "सर्वोत्तम" फसवा असतो, हे तुम्हाला कुठल्याही शोधनिबंधात दिसेल.

आकडेवारीत हे कर्ज कुठे हरवतं?

आता संशोधक म्हणून बघू. रिझर्व्ह बँक बँकांच्या कर्जांची क्षेत्रवार आकडेवारी दर महिन्याला देते. त्यात वाहनकर्ज हा एक रकाना, सोन्याच्या दागिन्यांवरचं कर्ज हा दुसरा. आपल्या उदाहरणातलं वाहनकर्ज बंद झालं की पहिल्या रकान्यात ते नीट फिटलेलं दिसतं. बँकेतून सोनेतारण घेतलं असेल तर दुसरा रकाना वाढतो. या दोन रकान्यांना जोडणारा धागा तिथे नाही, कारण दुसरा रकाना तारणावरून पाडलाय, हेतूवरून नाही. पीककर्ज वळवलं असेल तर हेच पैसे शेतीच्या रकान्यात दिसतील. पतसंस्थेतून घेतलं असेल तर या तक्त्यात दिसणारच नाहीत.

मग घरोघरी जाऊन केलेली पाहणी? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत, २०१९ साली, अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणी झाली. अशा पाहणीत मोजणीचं एकक कुटुंब असतं, आणि कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. चाकणचा मुलगा आणि करवीरचे आई-वडील ही दोन कुटुंबं झाली. मुलाचं कुटुंब कर्जमुक्त नोंदलं जाईल आणि आई-वडिलांचं कर्जबाजारी. कर्जाचा हेतू विचारतात खरा, पण आई दारात आलेल्या माणसाला "पोराच्या गाडीसाठी" असं सांगेल की "घरखर्चाला"? तुम्हीच ठरवा.

म्हणजे "वाहनकर्जं वेळेत फिटतात" असं वाक्य एखाद्या अहवालात वाचलं तर पुढचा प्रश्न हवा, कुणाच्या पैशाने फिटतात? याचं उत्तर खात्याचा माग काढून मिळत नाही, कर्जाचा माग काढून मिळतं. ज्यांना अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा संख्याशास्त्रात विषय हवाय त्यांच्यासाठी इथे खरोखर काम आहे. पण ते करताना संमती, गुप्तता आणि ओळख झाकणं या तिन्ही गोष्टी कडक पाळाव्या लागतील. गावात "कोल्हापूर जिल्ह्यातलं एक घर" एवढं लिहिलं तरी लोक ओळखतात.

इतिहासात याचा एक चांगला दाखला आहे. मे १८७५ मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. त्यात न्यायालयाला एक अधिकार दिला होता. शेवटच्या कर्जखतावर लिहिलेला आकडा प्रमाण न मानता व्यवहार सुरुवातीपासून तपासायचा. जुनं खत मोडून व्याजासह नवं खत करण्याची चाल होती, त्यामुळे शेवटच्या कागदात मूळ कर्ज दिसतच नसे. घरातलं कर्ज बघताना तुम्हीही तेच करा. शेवटच्या मेसेजमधला आकडा धरू नका, पहिल्या कागदापासून सुरू करा.

कागद मागा

मुलाकडून तोंडी हिशेब घेऊ नका. तो खोटं बोलतो म्हणून नाही, तर घाबरलेल्या माणसाला आकडे कमी सांगायची सवय लागते म्हणून. कर्जमंजुरीचं पत्र, करार, सुरुवातीपासूनचा खातेउतारा आणि आजच्या तारखेचं खातं बंद करण्याचं पत्र, एवढे कागद काढा. पतअहवालही काढा. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. त्यात ॲपवरची छोटी कर्जं, क्रेडिट कार्डं सगळं दिसतं. गाडीचं कर्ज हे एकटंच आहे, हे तपासल्याशिवाय एक रुपयाही काढू नका. चार कर्जांतलं एक फेडून उरलेली तीन तशीच राहिली, तर सहा महिन्यांनी पुन्हा तोच प्रसंग येतो आणि तेव्हा सोनं आधीच गेलेलं असतं.

पैसे भरायचे ठरले तर थेट कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. खातं "बंद" झालं की तडजोडीने "सेटल" झालं हे विचारा, पतअहवालात दोन्हीचा अर्थ वेगळा होतो. बेबाकी दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्या. आणि मुलगा आई-वडिलांना महिन्याला किती, किती तारखेला परत देणार, हे एका साध्या कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या. आपल्याकडे याला परकेपणा समजतात. पण वडिलांनी पतसंस्थेला लिहून दिलेलंच असतं, मग मुलाने वडिलांना लिहून द्यायला काय हरकत आहे?

एवढं सगळं करूनही आई-वडील म्हणतील, "असू दे, आपलंच लेकरू आहे." तो त्यांचा हक्क आहे आणि तो आपण आकड्यांनी काढून घ्यायचा नाही. आपलं काम एवढंच की सही करण्याआधी एक कागद त्यांच्यासमोर ठेवायचा. त्यावर पाच ओळी असाव्यात: एकूण किती जाणार, किती वर्षं जाणार, काय तारण जाणार, नाव कुणाचं लागणार, आणि कमी रकमेत भागेल असा दुसरा मार्ग कोणता. हा कागद तयार करायला एक संध्याकाळ आणि कॅल्क्युलेटर पुरतो.